कमी गुणांची माणसं

दहावीच्या मराठीची कृतिपत्रिका काढणाऱ्या प्राश्निकांस,



तुमचं नाव मला ठाऊक नाही. कुणालाच नसतं, तसा नियमच आहे. तुम्ही सर की मॅडम, कोकणातले की वऱ्हाडातले, हेही कळायला मार्ग नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. ज्याचा पत्ता नाही त्याला काही सांगायचं तर ते चारचौघांत मोठ्यानं वाचावं लागतं.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात, हायस्कुलात, सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. घटक चाचणीपासून सराव परीक्षेपर्यंत मीही पेपर काढले, उत्तरसूच्या केल्या, उन्हाळ्यात पंख्याखाली बसून गठ्ठे तपासले. तेव्हा पुढं जी तक्रार येणार आहे ती आधी माझ्यावर आहे. तुमचा नंबर माझ्यामागं.

तक्रार एका आकृतीबद्दल आहे. मधे एक गोल, गोलात गोष्टीतल्या माणसाचं नाव, गोलातून निघालेले चार बाण आणि बाणांच्या टोकाला चार रिकाम्या चौकटी. वर सूचना: स्वभाववैशिष्ट्ये लिहा. मुलं या चौकटी कशा भरतात ते तुम्हीही पाहिलं असेल. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, जिद्दी. माणूस कुठलाही असो, गोष्ट कसलीही असो. आम्हीच त्यांना शिकवतो की बाबांनो, काही सुचलं नाही तर हे चार शब्द लिहा, दोन तरी बरोबर निघतात. निघतातही. गेल्या पन्नास वर्षांत मराठी पाठ्यपुस्तकात आलेलं एकही पात्र आळशी नव्हतं की काय, असं कधीकधी वाटतं.

आठेक वर्षांपूर्वी नववीच्या चाचणीला मी एक अपठित उतारा दिला होता. त्यातला मुलगा मधल्या सुट्टीत डबा घेऊन शाळेमागच्या लिंबाखाली एकटा जातो. फडकं सोडतो, भराभर खातो, हात पँटीला पुसतो आणि परत येऊन पोरांत मिसळतो. बस, एवढंच. खाली आपली ती आकृती. माझ्या उत्तरसूचीत होतं: स्वावलंबी, शांत, एकांतप्रिय, समजूतदार. एका पोरानं तीन चौकटी कोऱ्या सोडल्या होत्या. चौथीत एकच शब्द होता: लाजतो.

मी तांबड्या शाईनं फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘हे विशेषण नाही, क्रियापद आहे.’

व्याकरण माझं बरोबर होतं. बाकी सगळं चुकलं होतं, आणि ते कळायला मला फार वेळ लागला. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत असतो. सगळ्यांना एकच खिचडी, एकाच पंगतीत. नववीला गेलं की ज्याचा त्याचा डबा. कुणाच्या डब्यात पोळी असते, कुणाच्या फडक्यात ज्वारीची भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा, कुणी काहीच न आणता नळावर पाणी पिऊन येतो. नववीच्या जून महिन्यात वर्गात काय घडतं ते ज्यानं पाहिलं आहे त्याला समाजशास्त्र वेगळं शिकायची गरज नाही. तो पोरगा त्या मुलाला पुस्तकातून ओळखत नव्हता, लिंबाखालून ओळखत होता.

आणि क्रियापदाचंही त्याचंच बरोबर होतं. लाजणं हे कुणाच्या स्वभावात पडून राहिलेलं नसतं. ते घडतं. त्याला बघणारा लागतो. माळावर एकटा असलेला माणूस भाकरीला लाजत नाही. मग त्याला ‘एकांतप्रिय’ म्हणून मी काय केलं? चार पोरांच्या हसण्याचा दोष उचलला आणि त्या एकाच्या खात्यावर गुण म्हणून जमा केला. तुमच्या-माझ्या उत्तरसूच्या अशाच तर भरल्या आहेत. ज्याचे हाल झाले तो ‘कष्टाळू’. ज्यानं अपमान गिळला तो ‘सहनशील’. ज्याच्याकडे पैसेच नव्हते तो ‘काटकसरी’. जखमेला गोड नाव द्यायचं आणि दोन गुण टाकायचे.

गुण. आपल्या भाषेनं इथं एक मोठी गंमत करून ठेवली आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसात असतात तेही गुण. ज्याला पस्तीस गुण मिळाले त्याच्या मनात हा हिशोब आपोआप होतो की आपल्यात गुणच पस्तीस. निकालाच्या दिवशी पारावर जो प्रश्न विचारतात, ‘किती पडले रे?’, त्याचं उत्तर देताना मुलाचा चेहरा पाहा. तो आकडा सांगत नसतो, स्वतःची किंमत सांगत असतो. आणि ऐकणाराही ती तशीच ऐकतो.

आमच्या जिल्ह्याला तर ही किंमत फार जुन्या काळापासून लावून मिळाली आहे. ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. काही जण तिचा अर्थ चांगला सांगतात, की कुठंच काही जमलं नाही तरी परभणीची काळी जमीन पोट भरील. असेलही. पण लहानपणी ती आम्ही ज्या सुरात ऐकली तो सूर वेगळा होता. जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी. म्हणजे आपण जिथं जन्मलो ते गाव जगाच्या हिशोबात शेवटचा पर्याय. दहावीला चांगले गुण पडले की लातूरला क्लास, पुढं पुणे. जे मागं उरले त्यांना कुणी काही बोलत नाही, पण म्हण सगळ्यांना पाठ असते.

या म्हणीच्या गावात एक कारकून राहत होता. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म 1913 चा, सेलूहून रेल्वेनं जालन्याकडे निघालं की लागणाऱ्या सातोन्याचा. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी, दरबारची भाषा उर्दू, आणि हा माणूस मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत बसलेला. बी. रघुनाथ. 1953 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, परभणीतच गेले. आज शहरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं सत्कार होतात, भाषणं होतात. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘बाबू दडके’, 1944 सालची. मला ते आडनावच आवडतं. दडके! दडून बसलेला वाटावा असा नायक, आणि तोही त्या काळात, जेव्हा मराठी कादंबरीतले नायक टेनिस खेळत होते आणि ध्येयवादावर बोलत होते. रशियात गोगोलनं 1842 मध्ये एका नक्कल करणाऱ्या कारकुनाची गोष्ट लिहिली होती, एका ओव्हरकोटापायी जीव गेलेल्या माणसाची. खाली मान घालून टेबलाशी बसलेल्या माणसालाही गोष्ट असते, हे गोगोलला पीटर्सबर्गमध्ये कळलं, बी. रघुनाथांना परभणीत. फायलीवर त्यांची नोंद काय असेल? नाव, हुद्दा, पगार. त्याही चौकटीच.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, पाठ्यपुस्तकात आदर्श पात्रं असायलाच हवीत, मुलांपुढं काहीतरी उंच हवं. हवं ना. पण आमची मुलं पाठ्यपुस्तकाबाहेर आपणहून कुणाला धरतात ते तुम्हाला सांगते. कर्णाला. आमच्या कॉलेजच्या दिवसांत वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत ‘मृत्युंजय’ची पाठपुठ्ठा निघालेली एकेक प्रत होती. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 ची, आणि आजही पोलीस भरतीच्या तयारीला गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या पोराला विचारा, एखादं पुस्तक वाचलंयस का. वाचलं असेल तर बहुधा तेच. का नाही वाचणार? अंगात सगळं आहे आणि रंगमंडपात उभं राहिल्यावर कुणीतरी विचारतं, तुझं कुळ कोणतं. आमच्या पोरांना हा प्रश्न दर आठवड्याला कुठं ना कुठं विचारला जातो. कधी जात म्हणून, कधी गाव म्हणून, कधी ‘इंग्लिश मिडियम का?’ म्हणून.

मीही एकेकाळी कर्णासाठी उशी भिजवली आहे. पण शिकवायला लागल्यावर हळूहळू माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. कर्णावरचा नाही म्हणा, त्याच्या कथेतून आमची पोरं जे घेतात त्याच्यावरचा. कर्णाचं दुःख काय? तो सूतपुत्र म्हणून हिणवला जातो. आणि त्या दुःखावरचं उत्तर काय? तो सूतपुत्र नाहीच! तो सूर्याचा मुलगा, कुंतीचा थोरला, कवचकुंडलं घेऊन आलेला. म्हणजे हिणवणाऱ्यांचं गणित चुकलं नव्हतं, फक्त माणूस चुकला होता. सारथ्याच्या पोराला हिणवायला हरकत नव्हती, हा सारथ्याचा नव्हता एवढंच. हे औषध गोड आहे, आणि म्हणूनच आमच्या पोरांच्या अंगी लागत नाही. भरतीत तिसऱ्यांदा नापास झालेला पोरगा रात्री पडल्या पडल्या वाट बघतो की कधीतरी कळेल, आपण खरे कोण आहोत ते. आणि कळत काहीच नाही. बाप तोच असतो, तीन एकर कोरडवाहू तीच असते.

‘मृत्युंजय’ सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातला एक शोण. कर्णाचा धाकटा भाऊ. त्याच घरात वाढलेला, त्याच अधिरथाचा मुलगा, फक्त याच्या अंगावर कवच नाही, कानात कुंडलं नाहीत, याच्या जन्मामागं गुपित नाही. लेखकानं त्याला बोलायला जागा दिली, पण मिळालेल्या जागेत शोण काय करतो? दादाबद्दल बोलतो. पहिल्यांदा वाचताना मी ती पानं भराभर उलटली होती. आता पुस्तक हातात घेतलं तर तीच उघडते. आमच्या वर्गात चाळीस पोरं बसत. चाळीस शोण, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण कर्ण.

शोणांची गोष्ट सांगणारी पुस्तकं मराठीत आहेत. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर आहे. पुण्याला जातो, मोठं व्हायच्या इच्छेनं काय काय करतो, बापाचा पैसा उडवतो, मेसच्या भानगडीत बुडतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. ‘कोसला’ आली 1963 मध्ये, लेखक तेव्हा स्वतः पंचविशीत. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वर्गात वाचायचं धाडस मी एकदाच केलं, पुढं नाही. पण वसतिगृहाचे, मेसचे, पैसे संपत आल्याचे भाग मी वाचायचे आणि मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकायची. या माणसात ‘जिद्दी’ लिहायला जागाच नाही, ही गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात यायची. एकानं विचारलं, ‘मॅडम, हा नापास झाला तरी याच्यावर पुस्तक कसं काय?’ एवढा चांगला प्रश्न मी सव्वीस वर्षांत एकाही पेपरात विचारू शकले नाही.

नंतरचा एकनाथ आहे, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला. शेजारच्या बुलढाण्याच्या मातीतला. एम.ए. बी.एड., आणि संस्थेला द्यायला डोनेशन नाही म्हणून घरी. शेतात राबायची सवय सुटलेली, नोकरीची दारं बंद. शिकला नसता तर निदान शेतकरी तरी झाला असता, आता धड हाही नाही, धड तोही नाही. शहरातून आलेली बायको अलका किती दिवस वाट बघणार? या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज आमच्याकडे परिस्थिती एक पायरी पुढं गेली आहे. एकनाथाला निदान अलका मिळाली तरी होती. आताच्या एकनाथांचा बायोडाटा घेऊन मध्यस्थ फिरतात. तो बायोडाटाही पाहिला असेल तुम्ही. वर गणपती, खाली रकाने. उंची, रंग: गव्हाळ, शिक्षण, शेती, नोकरी. नोकरीपुढं रेघ. त्या रेघेकडे बघत आमचा एक माजी विद्यार्थी मला म्हणाला होता, ‘मॅडम, ही रेघ म्हणजे मीच.’ लगेच हसला. मीही हसले. त्या वेळी दुसरं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

पुस्तक वाचून कुणाला नोकरी लागत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मुलगीही मिळत नाही, कर्जही फिटत नाही. पण रेघ ही फक्त रेघ असते, तिला मागचं-पुढचं नसतं. एकनाथाला चारशे पानं मिळोत की दोनशे, त्याच्यामागं पाऊस आहे, बापाशी भांडण आहे, डोनेशनचा आकडा आहे, रात्रीचा उकाडा आहे. तो का हरला ते पुस्तकात दिसतं. आमच्या पोरांना स्वतःचं हरणं दिसतं, त्याचं ‘का’ दिसत नाही. मग ते स्वतःलाच ‘का’ समजतात.

माझ्या मते या सगळ्यांत थोर जब्या. तो पुस्तकातला नाही, पडद्यावरचा. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ फेब्रुवारी 2014 मध्ये आला, मी तो परभणीत थेटरात पाहिला. कैकाडी घरातला, शाळेत जाणारा पोरगा. वर्गातल्या शालूवर जीव जडलेला. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती वश होईल म्हणून माळ तुडवत हिंडणारा. आणि मग तो दिवस येतो, गावातली डुकरं धरायचं काम बापाला मिळतं, सगळं घर जाळी घेऊन धावतं, आणि शाळेतली पोरं कठड्यावर बसून मजा बघतात. जब्या भिंतीआड दडतो. डुक्कर अगदी हातात येणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या सावधान उभा राहतो, त्याला बघून घरचेही थांबतात, आणि डुक्कर निघून जातं. थेटरात पुढच्या रांगेतली पोरं सुरुवातीला हसत होती, शिट्या मारत होती, पडद्यावरची पोरं मारत होती तशाच. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. शिट्या बंद झाल्या.

तो दगड मला आजही नीट झेलता आलेला नाही. सिनेमाभर मी समजत होते की मी जब्याच्या बाजूनं आहे. त्याच्याबरोबर दडत होते, त्याच्याबरोबर लाजत होते. दगडानं सांगितलं की बाई, तू कठड्यावर आहेस. सूत, मास्तर, पोरं, बघे, आपण सगळे कधी भिंतीआड असतो, कधी कठड्यावर, आणि आपली किंमत आपल्याला कळते ती कठड्यावरच्या डोळ्यांतून. चार चौकटींत हे कसं मावणार? जब्याची स्वभाववैशिष्ट्ये लिहा: प्रेमळ, देशभक्त, निसर्गप्रेमी, रागीट. चारपैकी चार.

आणि हे सगळं पाहून, डोळे पुसून मी घरी आले, आणि काही वर्षांनी ‘लाजतो’वर फुली मारली. प्राश्निक महोदय, तुम्हाला दोष देताना माझी जीभ अडखळते ती यामुळं.

आता थोडं विषयांतर, म्हाताऱ्या बाईला ते माफ असतं. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दमा आणि करुंडची लेक, लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, त्यांतले काही तुम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवले असतील. तिची चौकटही तयार असते: भक्तिभाव, सेवाभाव, नम्रता, निःस्वार्थीपणा. पण मला जनी आधी भेटली ती पुस्तकात नाही. आजीच्या जात्यावर भेटली. पहाटे चारला आजी दळायला बसायची आणि तिच्या ओव्यांतून जनी यायची ती संत म्हणून नाही, शेजारीण म्हणून. अमक्याची सून असते ना, तशी. दळणाचा ढीग पुढ्यात पडलेली, गोवऱ्या वेचून आलेली, केसांचा गुंता झालेली. आणि विठू यायचा. जात्याला हात लावायचा, गोवऱ्या उचलायचा, तिची वेणी घालायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अशा ओव्यांतली जनी म्हणजे आमच्या आयाआज्यांनी मिळून लिहिलेलं पात्र, खऱ्या बाईवरून बेतलेलं आणि पिढ्यान्पिढ्या वाढवत नेलेलं. कादंबरी यायच्या कितीतरी आधी.

कीर्तनकार सांगायचे, जनीच्या भक्तीला भुलून देव आला. मी एकदा आजीला विचारलं, देव कामून आला ग? आजीनं खुंटा सोडला नाही. म्हणाली, ‘दमली होती ना माय ती.’

मला कर्णापेक्षा ही जनी का जवळची वाटते ते यातच आहे. जनी शेवटी राजकन्या निघत नाही. तिच्या जन्मामागं सूर्य नाही. ती दासीच राहते, दळण संपत नाही, उद्या पुन्हा ढीग. फक्त कुणीतरी जात्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसतं. तिची किंमत वाढली का कमी झाली, हा प्रश्नच आजीच्या ओवीत नव्हता. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आजही जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात. मी पाहून आले. दोन माणसं समोरासमोर बसतील एवढी जागा आहे का, तेच आधी बघितलं. आहे.

तर विषयांतर संपलं. मागच्या दिवाळीत आमच्या मळ्यातली पाणबुडी मोटर जळाली. गंगाखेडला रिवायंडिंगच्या दुकानात नेली. गल्ल्यावरच्या तरुणानं मोटर खोलली, तांब्याची तार बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ओळखलं का?’ ओळखलं नव्हतं. नाव सांगितल्यावर ओळखलं. तोच. ‘लाजतो’वाला. दुकान स्वतःचं, हाताखाली दोन पोरं. मला खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या मनात ती तांबडी शाई सळसळत होती. म्हटलं आता काढतो विषय. काढलाही त्यानं, पण फुलीचा नाही. फुली त्याला आठवतही नव्हती. तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ‘मॅडम, नववीला तुम्ही एक उतारा दिल्ता बघा, पोरगं एकटं डबा खातंय तो. त्याचं पुढं काय झालं?’

मला माहीत नव्हतं. तो उतारा मी वाचनालयातल्या एका जुन्या दिवाळी अंकातून पेपरापुरता उतरवून घेतला होता. मागचं-पुढचं कापून, दीडशे शब्दांत बसवून. अंकाचं नाव लिहून ठेवलं नाही, गोष्टीचं नाही, लेखकाचं तर नाहीच. आठ वर्षं हा पोरगा एका मुलाची चौकशी मनात घेऊन बसलेला, आणि मी त्या मुलाला लिंबाखाली सोडून, आकृती काढून, पुढच्या प्रश्नाकडं वळलेली. ‘बघून सांगते,’ म्हणाले. काय बघणार?

म्हणून तुमच्याकडं दोन मागण्या आहेत, दोन्ही बिनखर्चाच्या. तुमच्या कृतिपत्रिकेत तुम्ही जो अपठित उतारा देता, त्याच्याखाली बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. तिथं एका ओळीत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापा. परीक्षेला बसलेल्या लाखो पोरांतलं एखादं तरी तीन तासांनंतर बाहेर येऊन ते पुस्तक शोधील. आणि उत्तरसूची कराल तेव्हा तपासनिसांसाठी एक टीप टाका की चौकटीत क्रियापद आलं तर फुली मारण्याआधी थांबावं. घाबरतो. दडतो. थकते. वाट बघतो. लाजते.

तिसरी मागणी खाजगी आहे. तुम्ही वाचणारे आहात, उतारे शोधत फिरता, जुने दिवाळी अंक चाळत असाल. शाळेमागच्या लिंबाखाली फडकं सोडून भराभर भाकरी खाणारा एक मुलगा तुम्हाला कुठं भेटला, तर गोष्टीचं नाव मला कळवा. रिवायंडिंगच्या दुकानात एकाला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
ता. गंगाखेड, जि. परभणी